पूर येऊन गेलेल्या वाड्याच्या भिंतींचं काय करायचं?

आधी तुमचा प्रश्न पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणा संगमापासून दोन गल्ल्या आत तुमचा दोन मजली वाडा आहे. जोतं घडीव काळ्या दगडाचं. खालच्या भिंती दोन फूट जाड, दोन्ही तोंडांना दगड-वीट आणि मधे मातीची भर. वर सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांवर मातीचा थर दिलेली माडीची जमीन. २०१९ला आत साडेपाच फूट पाणी येऊन आठ दिवस राहिलं, २०२१ला तीन फूट आलं. मग तुम्ही आतून-बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. आता त्या गिलाव्याच्या वर, सहा फुटांवर ओल दिसते आणि पांढरा लोणा फुटतो. ठेकेदार म्हणतो, केमिकल मारून वर टाइल लावू. भाऊ म्हणतात, पाडून आरसीसी बांधू. आणि गावाला पूरसंरक्षक भिंत झाली तर हे सगळं करायची गरज राहील का, असंही तुम्ही विचारलंय.

तुम्ही विचारताय की ओल कशी अडवायची. मला त्याआधी हे विचारावंसं वाटतं, की भिंतीत शिरलेलं पाणी कुठून बाहेर पडणार? हे बांधकाम भिजणार हे गृहीत धरूनच केलेलं आहे. चुना, माती, दगड, कमी भाजलेली वीट हे सगळं पाणी पितं आणि नंतर सोडतं. सोडायची वाट बंद केली की रोग सुरू होतो, आणि तुमच्याकडे ती वाट चार फुटांपर्यंत बंद झाली आहे.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. सगळे पूर सारखे नसतात. वाईसारख्या वरच्या गावात पाण्याला वेग असतो. तिथल्या ढोल्या गणपतीची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली आहे, ती येणारा लोंढा दोन बाजूंना फुटावा म्हणून. वेगाचं पाणी जोत्याच्या पायाखालची माती खरवडून नेतं. हरिपूर, कुरुंदवाड, नृसिंहवाडी या पट्ट्यात नदीचा उतार फार कमी. संगमांवर पाणी तुंबतं, हळू चढतं आणि हळू उतरतं. इथे धक्क्यापेक्षा मुरण्याने नुकसान होतं. महाड-चिपळूणकडचा जांभ्याचा चिरा असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. तो सच्छिद्र असतो, लवकर भिजतो आणि बराच लवकर सुकतोही. पुढे लिहिलेलं सगळं तुमच्यासारख्या संथ पुराच्या, दगड-वीट-मातीच्या भिंतींसाठी आहे.

पूरसंरक्षक भिंतीबद्दल आधी बोलून टाकू. कृष्णाकाठची जुनी गावठाणं नदीच्या इतक्या जवळ वसली, त्याला कारण आहे. पात्राबाहेर पडलेल्या पाण्याचा वेग काठावरच मोडतो, आणि जाड रेती-गाळ तिथेच बसतो. बारीक गाळ लांबवर जाऊन बसतो. शेकडो वर्षं असं होत राहिलं की नदी स्वतःच आपला काठ उंच करत जाते, आणि त्यामागची जमीन खोलगट, काळ्या मातीची राहते. जुनी पेठ आणि घाट त्या उंच पट्टीवर असतात. मागचे प्लॉट बहुधा खोलगट भागात पडतात. म्हणून पुराचं पाणी पुष्कळदा घाटावरून येतच नाही. ते ओढ्यानाल्यांतून उलटं चढून गावाच्या पाठीमागून येतं. नदीकडे भिंत बांधली आणि प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी झडप व पंप नसला, तर पाणी मागून येणारच. शिवाय ओसरताना तीच भिंत त्याला अडवते, म्हणजे आठ दिवसांचे दहा-बारा दिवस होतात. भिंत व्हावी की होऊ नये हा जलसंपदा खात्याने अभ्यास करून ठरवायचा विषय आहे. तुम्ही मात्र वाड्याची दुरुस्ती पूर पुन्हा येणार असं धरूनच करा.

आता सिमेंटचं. भिंतीच्या पोटात पाणी आहे आणि खालून, जमिनीतूनही येतं. पूर्वी ते चुन्या-मातीच्या गिलाव्यातून पूर्ण उंचीवर वाफ होऊन जात होतं. सिमेंटचा गिलावा त्या मानाने फारच कमी वाफ सोडतो. मग पाणी वाट मिळेपर्यंत वर चढतं, आणि गिलावा संपतो तिथे बाहेर येतं. तुमचा डाग बरोबर त्याच्या दोन फूट वर आहे. येताना ते क्षार आणतं. थोडे पुराच्या पाण्यातले, थोडे सिमेंटमधले, आणि जुन्या वाड्यात गोठा किंवा मोरी होती त्या भिंतीत तर भरपूर. पाणी उडून जातं, क्षार पृष्ठभागाखाली गोठतात, फुगतात आणि विटेचं तोंड पापुद्र्यांनी सोलून काढतात. लोणा म्हणतो तो हाच.

क्षारांची आणखी एक खोड ध्यानात ठेवा. ते पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ओढून घेतात. त्यामुळे पूर नसलेल्या वर्षीही जून ते सप्टेंबर तोच पट्टा ओला दिसतो, आणि लोकांना वाटतं कुठूनतरी गळतंय.

यावर केमिकल मारून टाइल लावली तर डाग सहा फुटांवरून आठ फुटांवर जाईल. तिथे तुमच्या तुळयांची टोकं भिंतीत बसलेली आहेत. भिंतीची ओल एक वेळ परवडते. भिंतीत गाडलेल्या सागवानाच्या टोकाला कायमची ओल लागली की ते आतून भुसा होतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून टाइलचं काम आजच थांबवा.

सिमेंट काढायला दिवाळीनंतर सुरुवात करा. ब्रेकर मशीन लावू नका, त्याच्या हादऱ्याने मधली भर खाली बसते आणि दोन्ही तोंडं सुटी होतात. हातोडा आणि रुंद छिन्नी घ्या, छिन्नी भिंतीला जवळजवळ समांतर धरा, पोकळ वाजतं तिथून सुरुवात करा. घट्ट चिकटलेल्या जागी विटेचं तोंड निघून येत असेल तर तो तुकडा सध्या राहू द्या, उन्हाळ्यात बराचसा आपोआप सुटतो. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे काढा, डागाच्या वर आणखी फूट-दीड फुटापर्यंत. सगळी भिंत एका दिवसात उघडी करू नका. एका वेळी चार-पाच फूट लांबीचा पट्टा घ्या आणि दरजांतली माती वाहून गेलेली दिसली तर तिथेच भरून मग पुढे सरका.

उघड्या भिंतीवरचा लोणा कोरड्या, मऊ ब्रशने झाडा, खाली वर्तमानपत्र अंथरून. झाडलेली पूड पोत्यात भरून बाहेर टाका. अंगणात झाडली तर पावसाबरोबर पुन्हा जोत्यात जाते. पाण्याने धुवायचं नाही, धुतलेला क्षार विरघळून परत आत जातो. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला झाडावं लागेल, मग पंधरा दिवसांनी. प्रत्येक वेळी पूड कमी निघायला हवी. तशी ती निघत नसेल तर खालून पाण्याचा पुरवठा चालू आहे असं समजा आणि कारण शोधा. बहुतेक वेळा ते चौकात सापडतं. चौक काँक्रीट केलेला किंवा पेव्हर ब्लॉक लावून सिमेंटने सांधलेला असतो, आणि जमिनीतली वाफ भिंतीकडे वळते. जोत्याला लागून दीड फूट रुंदीचा पट्टा उकरून घ्या, फूटभर खोल, त्यात वाटाण्याएवढी ते लिंबाएवढी खडी भरा आणि तो उघडा ठेवा. खोल्यांत शहाबादी फरशी असेल तर तिच्या सिमेंटच्या सांध्यांऐवजी चुन्याचे सांधे करा. खालच्या नळाची, मोरीची, सेप्टिक टाकीची गळतीही याच वेळी तपासा.

किती दिवस सुकवायचं? ढोबळ अंदाज असा की भिंत एका बाजूने महिन्याला इंचभर सुकते. दोन फुटांची भिंत दोन्हीकडून उघडी असली तर मधल्या भरीपर्यंत पोचायला वर्ष लागतं, आणि त्यातले पावसाळ्याचे चार महिने जवळपास फुकट जातात. म्हणून पूर्ण एक हिवाळा-उन्हाळा द्या, जमलं तर दुसरा हिवाळाही. कूलर, हीटर लावून घाई करू नका. वरचा थर झपाट्याने सुकला की क्षार तिथेच जोरात फुटतात आणि मातीच्या भरीला चिरा जातात. दारं-खिडक्या समोरासमोर उघड्या, माडीची झडप उघडी, एवढं पुरे.

भिंत सुकली की नाही हे हात लावून कळत नाही. साधी पद्धत सांगतो. गुडघ्याएवढ्या उंचीवर ड्रिलने आठ इंच खोल भोक पाडा, पण पहिल्या पाच-सहा इंचांची भुकटी फेकून द्या. आतली पन्नास ग्रॅम भुकटी लगेच झाकणाच्या डबीत घ्या आणि सोनाराकडच्या काट्यावर मोजा. ओव्हनमध्ये शंभर-एकशेपाच अंशांवर तीन-चार तास ठेवून, गार करून पुन्हा मोजा. पन्नासची शेहेचाळीस झाली तर चार ग्रॅम पाणी होतं, म्हणजे आठ टक्के, बरंच ओलं. दर दोन महिन्यांनी जवळच नवीन भोक पाडून हेच करा. मातीची भर थोडं पाणी कायम धरून ठेवते, त्यामुळे आकडा शून्यावर येणार नाही. लागोपाठ दोन वेळा तो उतरला नाही की जेवढी सुकायची तेवढी सुकली.

या काळात लाकडाकडे बघा. प्रत्येक खांब तळखड्यावर, म्हणजे खालच्या बैठकीच्या दगडावर, बसतो त्या जागी खाली वाका आणि टॉर्च आडवा धरा. खांबाच्या तळाशी काळसर कडा दिसते, तिथे जाड दाभण दाबा. चांगल्या सागवानात ते एक-दोन मिलिमीटर जातं आणि ओढताना धरून ठेवतं. अर्धा इंच सहज गेलं आणि काढताना ओलसर भुसा आला, तर तळ गेला आहे. मग लाकडी ठोकळ्याने खालपासून वरपर्यंत ठोकत जा. टणक आवाज जिथे सुरू होतो तिथपर्यंतच कापायचं. बहुधा हे फूट-दीड फुटावर संपतं, आणि अख्खा खांब बदलायची गरज पडत नाही. तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे देऊन स्क्रू जॅकने भार उचला. खांब मोकळा व्हायला दोन-तीन मिलिमीटर पुरतात, त्याहून जास्त उचललं तर वरचा गिलावा आणि कडीपाट तडकतो. कुजलेला भाग काढून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडा. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या अडीच-तीनपट हवी, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. दुसरा उपाय तळखडाच उंच करायचा, म्हणजे कापलेल्या भागाच्या जागी घडीव दगड. पूर येणाऱ्या घरात मला हा जास्त पसंत आहे, कारण दगड पुढच्या वेळीही भिजेल आणि टिकेल. मात्र खांबाच्या बुडातली खुंटी त्या दगडाच्या खाचेत बसलीच पाहिजे, नाहीतर धक्क्याला खांब सरकतो.

फुगलेली दारं लगेच रंधायची नाहीत. सुकल्यावर ती आक्रसतात, आणि मग फट राहते. तोपर्यंत बिजागऱ्यांतून काढून, खाली पट्ट्या देऊन सावलीत आडवी ठेवा. लाकडाला ऑइल पेंट नको, सुकल्यावर उकळलेल्या अळशीच्या तेलाचे दोन पातळ हात द्या. वाळवी पुरानंतर उशिराही येते, तेव्हा दुसऱ्या पावसाळ्याआधी एकदा सगळे कोपरे बघा.

तडे आणि फुगवटे मी फोटोवरून ठरवणार नाही. घरच्या घरी एवढं करा. प्रत्येक तड्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, आणि दोन्ही टोकांना चुन्याच्या ठिपक्यात काचेची पातळ पट्टी बसवा. तडा वाढत असेल तर काच फुटते. पट्टी सहा महिने शाबूत राहिली तर तो तडा जुना आहे, भरून टाका. फुगवट्यापाशी माडीवरून ओळंबा सोडा. दोन फूट जाड भिंत चार इंचांहून जास्त बाहेर गेली असेल, किंवा हातोडीने ठोकल्यावर फुगवटा ढोलासारखा वाजत असेल, तर ती खोली रिकामी करा, धिरे द्या आणि जुन्या बांधकामाची सवय असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. ‘सवय असलेला’ हे महत्त्वाचं आहे. फक्त आरसीसी केलेला माणूस बहुतेक वेळा जॅकेटिंग, म्हणजे भिंतीला जाळी लावून काँक्रीटचं अस्तर, सुचवतो, आणि ते म्हणजे पुन्हा सिमेंटच.

हरिपूरसाठी एक खास गोष्ट. तुमच्याकडे हळदीची पेवं, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे, होते. पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच असतं आणि आत पोट मोठं. वाड्याच्या आवारात, परसात किंवा शेजारच्या हद्दीत बंद केलेलं पेव असेल तर पुराच्या पाण्याने त्याची आतली माती ढासळते आणि वरची जमीन एक-दोन वर्षांनी खचते. जोत्याचा एक कोपरा खाली गेला, तडा तिथून तिरका वर चढला, तर घरातल्या वयस्करांना विचारा की पेव कुठे होतं. फरशीवर जाड पहारीने आपटून बघा, पोकळ आवाज लगेच कळतो. सापडलं तर तोंड उघडून वायू निघून जायला दिवसभर मोकळं ठेवा आणि कुणालाही आत उतरवू नका. बंद पेवात प्राणवायू नसतो, माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. वरूनच मुरूम आणि जाड वाळू टाकत, फूट-फूट थर पाण्याने बसवत भरा. त्यात काँक्रीट ओतू नका, भोवतीच्या मऊ मातीत तो जड गोळा नंतर वेगळा बसतो.

आता गिलावा. भिंत सुकल्यानंतर, म्हणजे लवकरात लवकर पुढच्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मे नको, चुना पकडायच्या आधीच सुकतो आणि हाताला पीठ लागतं.

चुना कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरवलेला, आणा, ताजा. हवा लागलेला चुना विरत नाही. एक खडा पाण्यात टाकून बघा, तो तापून फुटला पाहिजे. विरवताना नेहमी पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी नाही. पिंप उघडं ठेवा, डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे. चुना डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा शेजारी स्वच्छ पाण्याची बादली भरलेली असू द्या. विरवलेला चुना गाळून, वर दोन बोटं पाणी ठेवून किमान पंधरा दिवस मुरवा, महिना झाला तर उत्तम.

नुसता चुना-वाळू तुमच्याकडे चालणार नाही. साधा चुना हवेने घट्ट होतो, आणि दमट भिंतीच्या आतल्या बाजूला तो वर्ष-वर्ष कच्चा राहतो. पुढच्या पुरात विरघळून जाईल. म्हणून सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, हवी. चुना-सुरखीचं मिश्रण ओलीतही पकडतं. सुरखी कमी भाजलेल्या मातीच्या विटांची हवी. काळी, झामा झालेली वीट निरुपयोगी, आणि फ्लाय ॲशची तर विटेतच धरू नका. प्रमाण मापाने एक चुना, एक सुरखी, दोन वाळू. नदीची वाळू मिळाली नाही तर धुतलेली क्रश सँड चालते. न धुतलेल्या क्रशमधल्या भुकटीने गिलाव्याला केसांसारख्या चिरा पडतात. पुराने आणून टाकलेला गाळ वाळू म्हणून वापरायचा मोह होतो, तो टाळा. त्यात चिकणमाती आणि क्षार दोन्ही असतात.

घाणीत, म्हणजे चुना दळायच्या दगडी चाकाच्या चरात, दळलेलं मिश्रण सर्वात चांगलं. घाणी नसेल तर मोर्टार मिक्सरमध्ये वीस मिनिटं, आणि मग एक रात्र ओल्या पोत्याखाली. शंभर किलो चुन्याला दोन किलो गूळ आणि दोन किलो ठेचलेला हिरडा, पाण्यात तीन-चार दिवस भिजवून, गाळून ते पाणी वापरतात. गुळाने काम सोपं होतं, हिरड्याने चिवटपणा येतो. जास्त गूळ घातला तर पकडायला वेळ लागतो आणि मुंग्या येतात.

मालाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. तीस फूट लांब आणि पाच फूट उंच भिंतीची एक बाजू म्हणजे दीडशे चौरस फूट, साधारण १४ चौरस मीटर. सरासरी २० मिलिमीटर जाडी धरली तर ०.२८ घनमीटर ओला माल. सुकं साहित्य दाबलं जातं, जुनी भिंत वेडीवाकडी असते आणि थोडं वाया जातं. हे धरून ०.४५ घनमीटर लागतो. म्हणजे मुरलेला चुना ११० लिटर, सुरखी तेवढीच, वाळू २२५ लिटर, आठ घनफूट. ब्रासच्या (१०० घनफूट) भाषेत बाराव्या भागाएवढी. एवढ्यासाठी अख्खा ट्रक मागवू नका.

पहिला हात बारा मिलिमीटरचा, थापीने जोरात मारून बसवलेला आणि खरवडलेला. तो दाबल्यावर नखाची खूण उमटेल पण बोट रुतणार नाही, तेव्हा दुसरा आठ मिलिमीटरचा. प्रत्येक हातानंतर सात दिवस ओल्या पोत्याने दमट ठेवायचा, पाण्याचा फवारा मारून चिंब नाही. वर चुन्याची सफेदी. डिस्टेंपर, पुट्टी, प्लास्टिक पेंट काही नको. हा गिलावा क्षारांसाठी बळी द्यायचा थर आहे. आठ-दहा वर्षांनी तो पुन्हा झडेल आणि पुन्हा करावा लागेल, पण त्यामागची वीट शाबूत राहील. गवंड्याला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो टिकाऊपणासाठी गुपचूप दोन घमेली सिमेंट घालतो.

भावाच्या मुद्द्याला मी हलक्यात घेत नाही. दर दोन-तीन वर्षांनी घर आवरणं थकवतं. पण पाडायच्या आधी दोन गोष्टी तपासा. जागा निळ्या पूररेषेच्या आत आहे का? ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा, लाल रेषा शंभर वर्षांतल्याची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला निषिद्ध क्षेत्र मानतात, आणि दोन रेषांमध्येही जोत्याच्या उंचीच्या अटी असतात. वाडा पाडून झाल्यावर परवानगी अडली तर हातात मोकळी जागाच राहील. लेखी उत्तर घेतल्याशिवाय कौलही काढू नका. दुसरं, शेजारच्या वाड्याची भिंत सामाईक आहे का? पेठेतले वाडे एकमेकांच्या आधाराने उभे असतात, मधला काढला की दोन्ही बाजूंचे झुकतात. आणि पाडण्याच्या हिशेबात सागवान आणि घडीव दगडाची किंमत तुमच्या बाजूला नीट धरली आहे का, तेही बघा.

आता पुढच्या पुराची तयारी. तुम्ही दिलेल्या आकड्यांतून एक उपयोगी गोष्ट निघते. २०१९ला सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेलं आणि तुमच्या घरात साडेपाच फूट होतं. २०२१ला तिथे ५५च्या घरात आणि तुमच्याकडे तीन. दोन्ही वजाबाक्या ५२ येतात. म्हणजे तुमचा उंबरा आयर्विनच्या मापाने साधारण ५२ फुटांवर आहे. संगमाजवळ असल्याने वारणेला जोर असेल तर फूटभर इकडेतिकडे होईल. पुलाची इशारा पातळी ४० आणि धोका पातळी ४५. ४५ला सामान हलवायला सुरुवात करा, ४९ला माणसं बाहेर.

सामान माडीवर नेताना धान्याची पोती खोलीच्या मधोमध रचू नका. तीन इंच मातीच्या थराचा कडीपाट दहा बाय दहाच्या खोलीत आधीच टनाहून जास्त वजन पेलतो. पोती भिंतीलगत किंवा तुळईवर येतील अशी ठेवा. खालच्या मजल्याची वीज वेगळ्या एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच) आणि आरसीसीबीवर (वीज गळली की तुटणारा) घ्या, बोर्ड सात फुटांवर न्या.

दारात वाळूची पोती लावून पाणी अडवायचं ते गुडघ्यापर्यंतच. बाहेर दीड मीटर पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर टनाहून जास्त आडवा रेटा येतो, आणि मातीच्या भरीच्या भिंती त्यासाठी बांधलेल्या नाहीत. पाणी गुडघ्यावर गेलं की पोती काढा, मागची-पुढची दारं उघडी टाका आणि आत-बाहेर सारखं होऊ द्या. ओसरल्यावर तळघर किंवा बळद (धान्य साठवायची बंद कोठी) असेल तर पंप लावून एका दिवसात उपसू नका. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते, ती भिंत आत ढकलते. दिवसाला फूटभर, आणि रात्रीत परत भरतंय का हे बघत. गाळ ओला असतानाच फावड्याने काढा, सुकला की दगड होतो. मग साध्या पाइपने, कमी जोरात, वरून खाली धुवा. भिंती धुवायची ही एकच वेळ, लोणा फुटायच्या आधीची.